रॅकेटची मूठ

"ही तिची न्हाई," खालून कुणीतरी म्हणालं.

मी शिडीवर होते. राजेसाहेबांच्या लाकडी रॅकेटी भिंतीवर टांगायचं काम चाललं होतं आणि माझ्या ओठांत खिळे होते, त्यामुळे कोण, कुणाची, काय, हे लगेच विचारताही येईना. खाली पाहिलं तर काचेच्या कपाटासमोर एक बाई उभ्या होत्या. फिकट हिरवी सुती साडी, डोक्यावर पदर, पाय अनवाणी. चपला त्यांनी बाहेर पायरीवर काढून ठेवल्या होत्या.

"संग्रहालय अजून उघडलेलं नाही," खिळे हातात घेत मी म्हटलं. "रविवारी उद्घाटन आहे. त्यानंतर या."

"ठावं हाय मला. मी मालन, लोखंडे सरांची मंडळी. स्वप्नालीची आई."

मी मुकाट्यानं शिडीवरून उतरले. त्या कपाटातल्या मुलीच्या आईला रविवारी या म्हणून सांगायचं माझं तोंड नव्हतं.

कुरुंदगड हे कृष्णाकाठचं एकेकाळचं छोटं संस्थान. इथल्या राजेसाहेबांना टेनिसचा नाद होता. राज्यकारभारापेक्षा कोर्टावर त्यांचं लक्ष जास्त, असं जुनी माणसं अजून कौतुकानं सांगतात. संस्थान गेलं, राजेसाहेब गेले, जिमखाना तेवढा उरला आणि त्याच्या माळ्यावर सगळी अडगळ साचली. या भागातल्या टेनिसचा इतिहास म्हणून त्या अडगळीचं संग्रहालय करायचं, असं जिमखान्याचे सेक्रेटरी मगदूम वकील यांच्या मनानं घेतलं. त्या वेळी पुण्यातल्या एका संग्रहालयात खापरांवर क्रमांक घालण्यात माझी उमेदीची वर्षं चालली होती. तिथून त्यांनी मला उचलून इथं आणलं. टेनिसमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

"देवस्थळी मॅडम, तुम्हाला खेळायचं थोडंच आहे?" वकील म्हणाले होते. "तुम्ही नुसतं पुसायचं आणि मांडायचं."

आता यांना कोण सांगणार, की पुसायचं नाही, हाच आमच्या धंद्यातला पहिला धडा. बुरशी काढायची, वाळवी मारायची, बाकी घाम, मळ, डाग, सगळं जसंच्या तसं राखायचं. डाग गेला की वस्तूची निम्मी हकीकत गेली. हे वाक्य मी नोकरीभर कुणाकुणाला ऐकवलं असेल याची गणती नाही.

संग्रहालयातला सगळ्यात जुना फोटो राजवाड्याच्या कोर्टावरचा होता. खुर्च्यांवर राजेसाहेब, दिवाण, कोणी गोरा साहेब, त्याची मडम. प्रत्येकाचं नाव खाली सुबक अक्षरांत छापलेलं. उजव्या कडेला फेटा बांधलेला, चेंडूंची टोपली धरलेला एक माणूस, आणि त्याच्याखाली नुसतं 'मार्कर'. मार्कर म्हणजे जिमखान्याचा पगारी खेळगडी. बड्या लोकांशी खेळायचं, त्यांना हरवायचं नाही, आणि खेळ आटोपला की त्यांच्या रॅकेटींच्या तारा ओढायच्या, मुठींना चामडं गुंडाळायचं. तो फेटेवाला लोखंडे सरांचा आजोबा. वडीलही मार्करच. सर स्वतः शिकले, कोच झाले, आणि त्यांची मुलगी स्वप्नाली सोलापूरला राज्याची अजिंक्यपद स्पर्धा जिंकून आली. जिमखान्याच्या दर्शनी भागात विजेत्यांचा शिसवी बोर्ड आहे. त्यावर सरदार-जहागीरदारांच्या रांगेत 'कु. स्वप्नाली लोखंडे' हे नाव सोनेरी अक्षरांत लागलं. ते रंगवलं गेलं तेव्हा ती या जगात नव्हती. सोलापूरहून आली ती तापानं फणफणतच आली, आणि आठवड्याच्या आत मिरजेच्या एका दवाखान्यात वारली. सतरावं चालू होतं.

ही सगळी चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तिचं कपाट मांडायला सर रोज माझ्याकडे येत. तिचा कप, टोपी, बूट, दोन रॅकेटी आणि जिंकल्यावर काढलेला फोटो. फोटोत तिनं डाव्या हातानं कप छातीशी धरला होता आणि उजवा हात पाठीमागे. किती लाजते बघा, असं येणारा-जाणारा म्हणायचा. मीही म्हटलं होतं. फोटोखालचं कार्ड सरांनी स्वतः लिहून आणलं होतं: 'हिने अंतिम सामना याच रॅकेटने जिंकला.'

आणि आता तिची आई म्हणत होती की ही तिची नाही.

"कशावरून म्हणता?" मी विचारलं.

"कुलूप काढा की. हातात घिऊन सांगते."

खरं तर मला तसा अधिकार नव्हता. पण संग्रहालयात खोटी वस्तू खरी म्हणून ठेवली जाणं यासारखी नामुष्की नाही, आणि रविवारी पालकमंत्री येणार होते. मी किल्ली काढली. खरं सांगायचं तर वस्तूची काळजी थोडी आणि त्या बाईंच्या चेहऱ्याची जास्त.

मालनबाईंनी रॅकेट दोन्ही हातांनी उचलली. मग उजव्या मुठीत मूठ धरली आणि माझ्यापुढे केली.

"ही बगा. माझा आंगठा आन मधलं बोट भिडत न्हाई. तिच्या रॅकेटीला भिडायचं. पोरीचा हात लई बारीक. रोज सांजच्याला कोर्टावरनं ही मीच घिऊन यायची, ताई. ती सायकलीवर फुडं, मी मागनं चालत. घरी आल्यावर मूठ पुसून खुटीला अडकवायची. मला कळत न्हाई व्हय?"

त्यांनी दुसरी रॅकेट उचलली. तीच बनावट, तोच रंग. तिच्या मुठीभोवती त्यांचा अंगठा आणि बोट सहज भिडलं.

मी दोन्ही रॅकेटी खिडकीपाशी उजेडात नेल्या. जाड मुठीच्या रॅकेटीच्या चौकटीवर डावीकडे एक खोल ओरखडा होता. सोलापूरच्या फोटोत तिच्या पायाशी टेकवलेल्या रॅकेटीवरही अगदी तिथंच तसाच ओरखडा दिसत होता. भिंग लावून पाहिलं. शंकाच नको.

"रॅकेट तिचीच आहे," मी म्हटलं. "हा ओरखडा पाहा. मूठ मात्र जाड झालीय."

त्यांनी ओरखड्यावरून बोट फिरवलं. हा ओरखडा त्यांच्या ओळखीचा होता, हे दिसतच होतं. "व्हय की," त्या म्हणाल्या.

"बसा ना," मी खुर्ची पुढे केली. त्या खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून खालीच बसल्या. रॅकेट मांडीवर.

"चार वर्सं मी हिला हात लावला न्हाई. सरांनी पेटीत घालून कुलूप घातलं. म्हनले, बघवत न्हाई. मीबी म्हनलं, बापाचं काळीज हाय, ऱ्हाऊ दे. मग ह्या म्युझियमचं निघालं तवा पेटीतनं काढून परस्पर हितं आनली. मला म्हनले, रविवारी बघ. रविवारी मानसांच्या गर्दीत काचंतनं काय बघू?"

"तुम्हाला ती घरी न्यायची आहे का?"

"न्हाई ओ. घरी निऊन काय करू." त्या मुठीवरून हात फिरवत होत्या. "शेवटाला तिच्या हातात जे हुतं ते एकडाव माझ्या हातात यावं, एवढंच. मला पोरगीच गावली न्हाई, ताई. माझा बाप आजारी म्हनून मी माहेरी अथणीला गेल्ती. सांगावा आला तवा ती मिरजंला, आत काचंच्या खोलीत. सुद न्हवती. हाताला ही एवढी पट्टी. म्हनलं, हाताला काय झालं, तर म्हनले सलाईनची हाय. आन सरली तवा घरी आनलीच न्हाई. दवाखान्यातनं सरळ मसनवाट्यात. मी दारात पानी तापवून बसल्ती. चुलीवर हंडा तसाच."

एवढं बोलून त्यांनी पदरानं तोंड पुसलं. डोळे कोरडे होते. आपल्याकडे मेलेल्या लेकराला आई शेवटची अंघोळ घालते. ती अंघोळही यांना घालायला मिळाली नव्हती.

"सरांना बोलावते," मी म्हटलं. "मूठ कशी जाड झाली ते त्यांनाच विचारू."

सर खाली कोर्टावरच होते. रविवारच्या प्रदर्शनी सामन्यासाठी पांढऱ्या पट्ट्या मारून घेत होते. मी गॅलरीतून हाक मारली, तसे चुन्याचे हात झटकत वर आले. उंच, काटक माणूस, पन्नाशी ओलांडलेला, उन्हानं रापलेला. दारातच थबकले.

"मालन? तू हितं काय करतीयास?"

"रॅकेट बघतीया."

"रविवारी येनार हुतीस न्हवं?"

"रविवारी हात लावू देत्यात व्हय?"

मी मध्ये पडले. "सर, या रॅकेटीची मूठ दुसरीपेक्षा जाड कशी?"

"मुठीवर ग्रिपची नवी पट्टी चढवलीया, मॅडम. जुनी लई घान दिसत हुती. पावने येनार, बरं दिसायला पायजे."

"अहो, मला तरी विचारायचं. आणि जुनी काढून चढवायची, म्हणजे मापात राहिली असती."

"आमच्यात जुनी सोलत न्हाईत," सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात एकदम घराण्याचा ताठा आला. "आज्यापासनं चालत आलंय. मूठ मळली की मळक्या ग्रिपवरच नवी चढवायची. आतल्या ग्रिपला खेळनाऱ्याचा हात बसलेला असतोय. ती सोलली की रॅकेट परकी हुती. मी आजवर एकबी मूठ सोललेली न्हाई."

ते बोलून गेले, आणि मालनबाईंनी मान वर केली.

"मंजे तिची आत हाय अजून."

सर हातावरचा चुना खरवडू लागले.

"किती चढवल्या?"

"मालन, ऱ्हाऊ दे ती. मॅडमचं काम खोळंबलंय."

"एका चढवनीनं मूठ एवढी जाड हुत न्हाई. मी मार्कराच्या घरातली सून हाय. किती चढवल्या?"

"नीट आठवत न्हाई."

"मग सोला. सोलली की मोजता येतील."

"सोलायची नसते म्हनून आत्ताच सांगितलं न्हवं!" सर ओरडले. जिमखान्यात त्यांचा आवाज कोर्टावर घुमायचा, पण असा मी कधी ऐकला नव्हता. ओरडल्यावर त्यांचं त्यांनाच कसंसं वाटलं असावं, कारण लगेच माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमीच सांगा हिला. म्युझियमची वस्तू हाय आता. असं उचकटायचं असतंय का?"

नसतं. नियमानं बोलायचं तर सरांचंच बरोबर होतं. मी मालनबाईंकडे पाहिलं. त्या माझ्या परवानगीची वाट पाहत होत्या असं मला वाटलं, पण तसं काही नव्हतं. मुठीच्या गळ्याशी चिकटपट्टी असते, तिच्यात त्यांनी केव्हाच नख घातलं होतं.

पहिली ग्रिप पांढरीशुभ्र होती. गरगर फिरत सुटून आली. तिच्याखाली दुसरी, तीही पांढरीच, पण मध्ये कुठंकुठं चहा सांडल्यासारखे फिके डाग. तिसरीवर तेच डाग गडद झाले होते. मालनबाई न थांबता सोलत होत्या, कांदा सोलावा तशा. चौथी सुटता सुटेना, खालच्या थराला घट्ट धरून बसली होती. त्यांनी ती दातांनी ओढून तोडली.

आणि मग सगळ्यात आतली आली. ती कुठल्या रंगाची असेल हे आता सांगता आलं नसतं. काळपट तपकिरी, वाळून कडक झालेली. चार बोटांच्या जागा स्पष्ट उमटल्या होत्या, अंगठ्याची वेगळी. तळव्याच्या जागी जाड पोपडा धरला होता. शाई, गंज, ओल, तेल, असले डाग ओळखण्यावर माझं पोट चालतं. हे रक्त होतं, आणि नुसतं रक्तही नव्हतं. त्यात पू होता.

"हे काय हाय?" मालनबाईंनी विचारलं.

सर भिंतीवरच्या जुन्या फोटोकडे बघत उभे होते.

"तुमाला इचारतीया. हे काय हाय?"

"फोड आल्ते."

"कसलं फोड?"

"हाताला. सोलापुरात दुसऱ्याच मॅचला फुटले. सगळ्यांचे फुटत्यात, मालन. माझे फुटले, माझ्या बाचे फुटले. मीठपानी लावायचं आन खेळायचं. असंच खेळलोय आमी."

"मग?"

"मग सेमीफायनल खेळली. जिंकली. सांजच्याला हात सुजला. फायनलच्या आदल्या राती लाल रेघ वर चढली."

"कुठवर?"

सरांनी आपल्या उजव्या हातावर डाव्या हाताचं बोट ठेवलं. मनगटावर ठेवलं, मग वर सरकवलं, कोपरावर थांबवलं, आणि मग आणखी थोडं वर नेलं.

"ठणकत असंल," मालनबाई म्हणाल्या.

"व्हय."

"ती काय म्हनली?"

खाली कोर्टावर कुणीतरी रोलर ओढत होतं, त्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"म्हनली, आईला फोन लावा."

"लावला न्हाईसा."

"तू खेळू दिली नसतीस."

"न्हाई दिली असती."

"एक मॅच ऱ्हायलीती, मालन. एकच. सकाळी फायनल, दुपारी कप, तितनं तडक डॉक्टर, असं मी ठरवलंतं. आईशप्पत ठरवलंतं. तिनं कपाचा फोटो काढला आन एस्टीत बसताना तिला हीव भरलं." त्यांनी त्या जुन्या फोटोकडे हात केला, फेटेवाल्या माणसाकडे. "त्याचं नाव न्हाई तितं. माझ्या बाचं कुठंच न्हाई. जल्मभर लोकांचे चेंडू येचले, आन कागदावर नाव न्हाई. मला एक नाव पायजे हुतं. एक."

"लागलं की नाव," मालनबाई म्हणाल्या. "सोन्याच्या अक्षरात लागलं. मी बघून आले खाली."

हे त्यांनी टोचून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. सर भिंतीला टेकले आणि हळूहळू खाली बसले. नवरा एका भिंतीला, बायको दुसऱ्या भिंतीला, आणि मध्ये शिडीपाशी मी. मला तिथून जायचं होतं आणि जाता येत नव्हतं.

"दवाखान्यात पट्टी सलाईनची न्हवती मग."

"न्हाई. डॉक्टर म्हनले, इख अंगात भिनलंय, आदी आनायला पायजे हुती. तुला सांगायला लागले तवा मीच मदी पडून त्यांना भाईर नेलं."

"आन घरी आनली न्हाई."

"घरी आनली असती तर तू अंघोळ घातली असतीस."

"आन हात बघिटला असता."

"व्हय."

मग सरच आपण होऊन, कुणी न विचारता सांगू लागले. रॅकेट टाकवेना. मूठ सोलवेना. वरून एक ग्रिप चढवली तर महिन्याभरात डाग फुटून वर आला. म्हणून दुसरी. तरी त्यांना डाग दिसायचा, म्हणून तिसरी, चौथी. पेटीत ठेवली तर बायको कधीतरी पेटी उघडेल याची धास्ती. संग्रहालयाचं निघालं तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटलं. काचेत गेली की पोरीचं नावही राहील आणि कुणाचा हातही लागणार नाही.

मालनबाईंनी हे ऐकलं की नाही कोण जाणे. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"ताई, हितं पानी गरम करायची सोय हाय का?"

चहाची विजेची किटली होती. मी हो म्हटलं आणि म्हणता म्हणता त्यांना पाणी कशाला हवंय ते मला समजलं. त्या मुठीवर आता जे होतं, तेवढाच त्या मुलीचा पुरावा या जगात उरला होता. ते एकदा धुतलं की गेलं, परत येणार नव्हतं. हे मला सांगायला हवं होतं, निदान माझ्या पगाराला जागून तरी. मी किटलीची वायर भिंतीत घातली.

ओतायला भांडं नव्हतं. मग राजेसाहेबांचं पितळी तस्त, खेळून आलेले पाहुणे ज्यात हात धुवायचे ते, मी मांडणीवरून उतरवलं. त्याच्या तळाला आदल्याच दिवशी मी क्रमांक घातला होता.

मालनबाई जमिनीवर पाय लांब करून बसल्या. तान्ह्या मुलाला पायांवर घेऊन न्हाऊ घालतात, तशी त्यांनी रॅकेट नडगीवर आडवी घेतली आणि मूठ तस्तावर येईल अशी धरली. किटलीतलं पाणी आधी आपल्या मनगटावर घेऊन बघितलं. कढत होतं. माठातलं गार पाणी घालून विसवण केलं, पुन्हा मनगटावर घेतलं. मग ओंजळीनं थोडं थोडं मुठीवर सोडायला सुरुवात केली. साबण मागितला नाही. नुसत्या बोटांनी चोळत होत्या, बोटांच्या एकेका ठशात आपलं बोट घालून. पाणी आधी पिवळं झालं, मग तांबडं, मग काळं.

सर पुढे सरकले आणि त्यांनी रॅकेटीचं दुसरं टोक आधाराला धरायला हात पुढे केला.

"हात लावू नका," त्या म्हणाल्या.

सरांनी हात मागे घेतला.

पाण्यानं भिजून ती शेवटची ग्रिपही सैल झाली आणि त्यांच्या हातात आली. खाली मूळचं चामडं होतं, तेही डागाळलेलंच. ते त्यांनी पुन्हा पुन्हा धुतलं, तस्तात उतरणारं पाणी नितळ होईपर्यंत. मग पदरानं मूठ कोरडी केली, मुठीभोवती हात धरला. अंगठा आणि मधलं बोट भिडलं.

"घ्या," म्हणून त्यांनी रॅकेट माझ्या हातात दिली. "ठेवा कपाटात. आता ही तिची."

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगते. मगदूम वकील संध्याकाळी आले आणि रॅकेटीची नागडी मूठ बघून हादरले. "ताटवाटी घासल्यासारखी घासलीत? म्युझियमची वस्तू? आणि तुम्ही बघत बसलात?" मी म्हटलं, हो, बघत बसले. ते नवी ग्रिप चढवून घ्या म्हणाले, मी नाही म्हटलं. राजीनामा देते म्हटलं तेव्हा रविवारच्या भीतीनं ते वरमले. कार्ड मात्र मी बदललं. सरांचं वाक्य काढून नुसतं नाव ठेवलं आणि फोटो तसाच राहू दिला. उद्घाटनाला सर आले नाहीत, नंतर जिमखान्यातही आले नाहीत. पुढे मी बावीस वर्षं तिथं काढली. मुठीला ग्रिप का नाही, असं लोक विचारत. फोटोकडे बघून किती लाजते बघा, असंही म्हणत. मी दोन्हींचं उत्तर कधी दिलं नाही.

पण त्या दुपारचं थोडं राहिलं आहे.

मालनबाई तस्त उचलून जिना उतरल्या. मी मागोमाग गेले, माझ्या मागून सर. सरांना वाटलं त्या पाणी कोर्टावर ओततील, आणि ते कसंनुसं म्हणालेही, "मालन, कोर्टावर..." मालनबाईंनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. कोर्टाला वळसा घालून त्या कुंपणाच्या कोपऱ्यातल्या लिंबाखाली गेल्या, जिथं कुणाचा पाय पडत नाही. पाणी बुंध्याशी ओतलं, ती भिजलेली ग्रिप तिथंच हातानं माती उकरून पुरली. मग कोर्टाला पाणी मारायचा नळ असतो, तिथं आल्या आणि साडीनिशी नळाखाली बसल्या.

"अहो, हे काय?" मी म्हटलं.

"मड्याला हात लावला, ताई. तसंच घरात जात न्हाईत."

नळ पूर्ण सोडून त्या डोक्यावर पाणी घेत राहिल्या. चार वर्षांत पहिल्यांदाच त्या रडत होत्या की काय, पाण्यामुळे समजलं नाही. सर लांब उभे होते. मग एकेक पाऊल टाकत जवळ आले. टोपी काढली, पायांतले बूट काढले, आणि नळाखाली जागा होण्याची वाट बघत उभे राहिले.

मालनबाई उठल्या. पदर पिळला आणि नळ घट्ट बंद केला.

"तुमची अंघोळ झालीया," त्या म्हणाल्या. "चार वर्सामागंच."

पायरीवरच्या चपला घालून त्या फाटकाबाहेर पडल्या. सर अनवाणी, टोपी हातात धरून, तिथंच उन्हात उभे राहिले.